चौदा फेब्रुवारीचा तो मेसेज भगतसिंगांवरच अन्याय करतो

शेतातला हरभरा सोंगायला आला की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘14 फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. याच दिवशी पुलवामा झालं. अशा दिवशी प्रेमाचे चाळे करणारे देशद्रोही आहेत. हा ख्रिश्चनांचा सण, आपल्या संस्कृतीत असली थेरं नव्हती. खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.’ यंदा आमच्या शाळेत आठवीतल्या एका मुलीनं तो परिपाठात दिनविशेष म्हणून वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज भरून आला होता. ज्या मुलांच्या मनात हुतात्म्यांबद्दल एवढी माया आहे, त्यांच्या हाती आपण खोटी तारीख देतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

फाशी झाली ती 23 मार्च 1931 रोजी, लाहोरच्या तुरुंगात, संध्याकाळी. शिक्षा सुनावली गेली 7 ऑक्टोबर 1930 रोजी. म्हणजे फाशीही त्या दिवशीची नाही आणि निकालही नाही. फेब्रुवारी 1931 मध्ये देशभर धडपड चालली होती ती फाशी टाळण्याची. पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे या तिघांसाठी दयेची विनंती केली, ती त्याच महिन्यात. राजगुरू तर आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात घडलेले. त्यांची तारीख विदर्भातल्या पोरांना तरी बिनचूक ठाऊक असायला पाहिजे.

आणि प्रेमाबद्दल स्वतः भगतसिंग काय म्हणत होते? एप्रिल 1929 मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकायच्या ऐन आधी, त्यांनी सुखदेवांना पत्र लिहिलं. प्रेमानं माणूस कमजोर होतो का, क्रांतिकारकानं प्रेम करावं का, यावर दोघांचा वाद झाला होता. भगतसिंगांनी लिहिलं ते असं: प्रेम ही पशूची नव्हे, माणसाची भावना आहे, ते खरं असेल तर माणसाला खाली ओढत नाही, उंच नेतं. वय होतं एकवीस, पुढं मरण दिसत होतं, आणि तरी हा माणूस मित्राला प्रेमाची बाजू समजावून सांगत होता. त्याचंच नाव पुढं करून आपण एकमेकांकडे बघणाऱ्या पोरापोरींना देशद्रोही म्हणतो, हे मला सहन होत नाही.

पुलवामा मात्र खरं आहे. 14 फेब्रुवारी 2019 रोजी सीआरपीएफचे 40 जवान गेले. त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. त्या दिवशी सकाळी त्यांना श्रद्धांजली वाहा, शाळेत वाहा, ग्रामपंचायतीत वाहा. पण या जवानांच्या घरी कुणी तरी त्यांची वाट बघत होतं, ते प्रेमानंच. त्यांच्या आठवणीसाठी दुसऱ्याच्या प्रेमाला शिवी द्यावी लागत नाही.

‘ख्रिश्चनांचा सण’ हेही अर्धवट आहे. संत व्हॅलेंटाईनचा दिवस रोमन कॅथलिक चर्चनं 1969 साली आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला. प्रेमिकांशी त्याचं नातं जोडलं ते चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवींनी.

राहिली आपली संस्कृती. अरे, आपण रुक्मिणीच्या माहेरचे लोक! वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात आहे. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिनं स्वतः पत्र लिहिलं, ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडलं, आणि देवीच्या दर्शनाला जाईन तेव्हा मला घेऊन जा असं कृष्णाला कळवलं. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. त्याच कौंडण्यपूरहून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि आपण वाटेत तिच्या पाया पडतो. दमयंतीही विदर्भाचीच. देव समोर उभे असताना तिनं भर स्वयंवरात नळालाच माळ घातली. या दोघींना पूजायचं आणि आपल्या पोरीनं पसंत सांगितली की तिचं कॉलेज बंद करायचं, हे कोणत्या संस्कृतीत बसतं?

मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ज्यांचं कोणी नाही त्यांनी तर या दिवशी घरातच बसावं.’ मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आमच्या गावात तिशी ओलांडलेले किती तरी पोट्टे बिनलग्नाचे आहेत. शेती आहे, कष्ट आहेत, पण शेतकरी नवरा कुणाला नको. कर्जापायी नवरा गेलेल्या बायका आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत हळदीकुंकू चालतं आणि त्या दाराआड बसून राहतात. शेजारच्या एका काकूंनी मागच्या वर्षी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या, तर त्या कपाटातच ठेवल्या. ‘लोक काय म्हणतील बाई,’ एवढंच म्हणाल्या. यांना पुन्हा घरात बसायला सांगणारे आपण कोण?

म्हणून यंदा बचत गटाच्या बायकांनी ठरवलं आहे: 14 फेब्रुवारीला दुपारी तीन वाजता समाज मंदिरात सगळ्यांनी जमायचं. सवाष्ण, विधवा, सोडलेली, बिनलग्नाची, म्हातारी, सगळ्यांना सारखंच वाण आणि सारख्याच बांगड्या. आधी दोन मिनिटं पुलवामाच्या जवानांसाठी उभं राहू. मग ज्याला आपल्या माणसाबद्दल बोलायचं आहे, तो असो की नसो, त्यानं बोलावं. पोट्ट्यांनीही यावं, सतरंज्या उचलायला हात लागतीलच. चहा आणि सोलेभात आहे. मेसेज टाकणाऱ्या भाऊंनाही मनापासून बोलावणं आहे, वहिनींना घेऊन या.