वाळवंटातलं श्रीयंत्र आकाशातून उतरलेलं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर अण्णांनी एक फोटो टाकला. तोच निपाणीच्या मैत्रिणीकडून आला, खानापूरच्या मावशीकडूनही आला. विमानातून दिसणारं पांढरट कोरडं तळं आणि त्यावर रेघांनी कोरलेलं भलंमोठं श्रीयंत्र. खाली मजकूर असा: अमेरिकेच्या वाळवंटात १९९० साली हे एका रात्रीत उमटलं, आसपास पावलाची की चाकाची खूण नव्हती, इतकी अचूक आकृती माणसाच्या हातून होणं अशक्य, आणि हा अंतराळातून आलेला संदेश असल्याचं नासाने मान्य केलंय.

आकृती खरी होती. ओरेगन राज्यातल्या मिकी बेसिन नावाच्या कोरड्या तळ्यात १० ऑगस्ट १९९० रोजी ती एका लष्करी वैमानिकाला दिसली. एकेक बाजू सुमारे ४०० मीटर, सगळ्या रेघांची लांबी मिळून २१ किलोमीटरच्या आसपास. पण ‘एका रात्रीत’ कशावरून? ती दिसली त्या दिवशी, म्हणून उमटलीही त्याच दिवशी, असं होत नाही. बिल विदरस्पून या अमेरिकी चित्रकाराने ती आपण आणि आपल्या सोबत्यांनी काढल्याचं उघडपणे सांगितलं. दहा दिवस लागले, आणि अवजार होतं हाताने ओढायचं, तण काढायच्या आपल्या कोळप्यासारखं.

खुणांचा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. तिथं पाण्याच्या कडेला चालून बघा. गाळात पाय घोट्यापर्यंत रुततो, बोटं न् बोटं उमटतात. तिथून शंभर पावलं वर या, जिथं गाळ वाळून भेगाळलाय. तिथं चप्पल घासून चाललं तरी मागं काही राहत नाही. कोळप्याची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, मात्र दाब देऊन ओढली की तिथंही रेघ पडते. मिकी बेसिनच्या रेघा दहा इंच रुंद आणि तीन इंच खोल होत्या. म्हणजे रेघ आहे आणि पाऊल नाही, यात चमत्कार कसला?

असली जमीन किती टणक होते, ते कॅलिफोर्नियातल्या रॉजर्स कोरड्या तळ्यावर जगाने पाहिलंय. १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे अंतराळयान आपल्या पहिल्या सफरीहून परतलं ते याच तळ्याच्या मातीवर. वजन ८५ टनांहून जास्त! हिवाळ्यात थोडं पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलतो, आणि सुकताना माती आपोआप सपाट होते. पण ओल असेल तर सगळंच फसतं. मार्च १९८२ मध्ये तळं भिजलं होतं, म्हणून तेच यान न्यू मेक्सिकोत उतरवावं लागलं.

अचूकपणाचं म्हणाल तर नऊ त्रिकोण एकमेकांत बसवणं अवघड आहे खरं. पण आमच्याकडे गवंडी घराचा पाया आखतो तो खुंट्या, सुतळी आणि फक्कीनेच. दोरी लांब घेतली की आकृती मोठी होते. श्रीयंत्र कागदावर बसवायला शतकानुशतकं माणसंच शिकली, त्या माणसांचं श्रेय परग्रहाला का देऊन टाकायचं? माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याचं श्रीयंत्र आहे. ते एका तांबटाने घडवलं, म्हणून तिची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही.

नासाने असलं काही मान्य केलेलं नाही.

अण्णा, कोरड्या तळ्याचं आकाशाशी नातं हवंच असेल तर खरं सांगते. बेन्नू या लघुग्रहावरून नासाच्या यानाने आणलेली सुमारे १२१ ग्रॅम धूळ २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात उतरली. ते वाळवंट म्हणजे हिमयुगातल्या बॉनव्हिल सरोवराचा सुकलेला तळ. त्या धुळीत शास्त्रज्ञांना खारं पाणी आटल्यावर मागं उरणारे क्षार सापडले. तसेच क्षार कॅलिफोर्नियाच्या सर्ल्स नावाच्या कोरड्या तळ्यात मिळतात. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडातून फुटला, त्याच्या पोटात कधीकाळी खारं पाणी होतं आणि ते आटलं. त्या क्षारांतल्या एकाचं नाव ट्रोना. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा हे दोन्ही त्यात जोडीने असतात.