टॉवर, ओव्हन आणि खोडदच्या तबकड्या

मोबाइल टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्याच पेशींची मोडतोड करतात, मायक्रोवेव्ह ओव्हनमधले अन्न किरणोत्सारी होते, नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या परिसरात लहरी सोडतात, आणि म्हणून सोसायटीच्या गच्चीवरचा टॉवर तातडीने हटवावा, अशा आशयाचा संदेश पुण्यातील व्हॉट्सॲप समूहांवर फिरत असतो. लोक तो मुलाबाळांच्या काळजीपोटी पुढे पाठवतात, म्हणूनच त्यातील प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर देणे आवश्यक वाटते.

रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सारे एकाच विद्युतचुंबकीय वर्णपटात मोडते, हे संदेशातले विधान बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. या लहरींची ऊर्जा पुंजांच्या, म्हणजे ठरावीक छोट्या गठ्ठ्यांच्या, रूपात मिळते आणि एका पुंजाची ऊर्जा केवळ वारंवारतेवर ठरते. क्ष-किरण पेशींची मोडतोड करतात ती रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढून, आणि त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अतिसूक्ष्म ऊर्जा मोजण्याचे एकक) लागतात. क्ष-किरणांच्या एका पुंजात हजारो इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, तर १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीच्या पुंजात एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी ऊर्जा असते. टॉवरची शक्ती वाढवली तर पुंजांची संख्या वाढते, एकेक पुंज अधिक बलवान होत नाही. प्रकाशाच्या बाबतीत हेच आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले होते. अशा लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे तापणे, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्याच्या पुष्कळ खाली ठरवलेल्या असतात. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी तर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली.

संदेशात जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला आहे. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे कर्करोगाशी संबंधाची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित आहे अशा गटात ठेवले, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु पुरावा पुरेसा असलेल्या पहिल्या गटात सूर्याची किरणे आहेत, हे संदेश सांगत नाही.

ओव्हनचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी मुख्यतः अन्नातील पाण्याचे रेणू हलवतात, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि दार उघडताच लहरी थांबतात. अन्नात लहरींचे काहीही शिल्लक राहत नाही. दार नीट बंद होत नसेल तर मात्र ओव्हन वापरू नये.

खोडदविषयीचा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या त्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या लहरी सोडत नाहीत, त्या आकाशातून येणाऱ्या लहरी ग्रहण करतात. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनच्या या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाइलसुद्धा त्या झाकून टाकू शकतो. डोंगरांचा आडोसा असलेली, शहरी गोंगाटापासून दूरची जागा त्यासाठीच निवडली गेली.

राहिली टॉवर हटवण्याची मागणी. टॉवर दूर गेला की सिग्नल क्षीण होतो आणि संपर्क टिकवण्यासाठी हातातला फोन स्वतःची शक्ती वाढवतो, तीही कानाला लागून. शरीराच्या लहरींशी येणाऱ्या ज्या संपर्काची भीती आहे तोच त्यामुळे वाढतो. गच्चीवर अँटेनाच्या अगदी समोर उभे राहू नये, ही सूचना योग्य आहे. आपल्या टॉवरविषयी शंका असल्यास तो निकष पाळतो की नाही हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येते, आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते.