पाकिटावरची व्यक्ती

विषय मीच काढला, तेव्हा खापर माझ्यावर फोडायला हरकत नाही.

रविवार होता. लॉ कॉलेजची टेकडी उतरून नळ स्टॉपच्या अलीकडच्या अमृततुल्यासमोर नेहमीची टोळी जमली होती. आमचा कट्टा म्हणजे शेजारच्या बंद दुकानाची पायरी. सगळे बसलेले, पुष्कर उभा. तो कधीच बसत नाही. "बसलं की पैसे द्यायची पाळी येते," असं वंदनाताईंचं निदान. आणि या 'पाळी'वरूनच मला घरी पडलेलं काम आठवलं.

एका एजन्सीकडून भाषांतर आलं होतं. पॅडच्या पाकिटावरचा मजकूर, अकरा ओळी, सोमवारी द्यायचा. सोबत सूचना : महिला, स्त्री, मुलगी हे शब्द टाळावेत. मी टाळून पाहिले आणि कट्ट्याला वाचून दाखवलं : "मासिक पाळी येणाऱ्या व्यक्तींसाठी."

"जनगणनेचा फॉर्म वाटतोय," वंदनाताई म्हणाल्या.

रोहिणीचा कप तोंडाशीच थांबला. ती फॅमिली कोर्टात वकिली करते आणि तिचा कप थांबला की समोरच्यानं तारीख मागून घ्यावी. "आलं का हे इथपर्यंत? आधी ते चिन्ह काढलं, मग ते टॅम्पॅक्स या टॅम्पॉनवाल्यांचं ट्वीट, आता तू."

"मी काय केलं? मला ओळीमागे पैसे मिळतायत."

"पाश्चात्त्य थेरं!" पुष्कर गरजला. "मुळात कुटुंबसंस्थाच मोडीत काढायची आहे यांना." पुष्करची कुटुंबसंस्था दर वादात तिसऱ्या मिनिटाला धोक्यात येते. मागच्या रविवारी ती मिसळीत बटाटा घालण्यावरून आली होती.

"कुठलं चिन्ह?" वंदनाताईंनी विचारलं. त्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात एकतीस वर्षं नर्सबाई होत्या. जुन्नर-आंबेगाव पायांखालून गेलेलं. फोनवर मात्र फक्त नातवाचे फोटो बघतात.

"ते हो, गोलाखाली अधिकचं चिन्ह. शुक्राचं. २०१९ मध्ये ऑल्वेजनं पॅडच्या वेष्टनावरून काढलं. ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांना, खटकतं म्हणून. केवढा गदारोळ झाला, बहिष्कार टाका म्हणून."

"शुक्र बायकांचा कधीपासून झाला?" ताई म्हणाल्या. "आपल्याकडे शुक्र म्हणजे शुक्राचार्य. दाढीवाला बाप्या. झारीत शिरून एक डोळा घालवून बसलेला. तो पॅडवरून उतरला तर माझं काय गेलं? उलट तो तिथे बसला होता हेच मला आत्ता कळतंय."

पुष्करलाही हसू आलं, पण त्यानं ते संस्कृतीच्या नावाखाली दाबलं.

मी मधेच माहिती पुरवली की ऑल्वेज म्हणजे आपली व्हिस्परच, कंपनी एकच. तिकडे नाव 'नेहमी', इकडे नाव 'कुजबुज'. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

"कुजबुज कसली, अजून काळ्या पिशवीतच देतो मेडिकलवाला," रोहिणी म्हणाली. "पण तुम्ही मुद्दा उडवू नका. त्याच कंपनीचं जिलेट आहे. १९८९ पासून त्यांच्या जाहिरातीत 'मॅन'. २०१९ मध्ये घोषवाक्य बदललं, तरी त्यात 'मेन' राहिलेच. दाढी येणाऱ्या व्यक्ती झाल्या का? नाही झाल्या."

"रोहिणीताई, मी काय म्हणतो," शीतल म्हणाली. शीतल रोहिणीची ज्युनिअर, मूळची कोल्हापूरची, त्यामुळे ती 'आलो, गेलो, जेवलो' करते. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली तरी बाईनं क्रियापद बदललेलं नाही. "त्याच वर्षी जिलेटनं ट्रान्स मुलाची जाहिरात पण केली होती की. बाप शेजारी उभा राहून पोराला पहिली दाढी कशी करायची दाखवतोय."

"पाहिलीय. छान होती. पण तेच तर म्हणतेय मी! तिकडे नवा माणूस आत घेतला तरी पाटी जशीच्या तशी. आमच्याकडे कुणाला आत घ्यायचं म्हटलं की आधी पाटीच काढून टाकतात."

"म्हणजे पुरुषांकडे पाहुण्याला खुर्ची दिली," वंदनाताई सावकाश म्हणाल्या, "आणि बायकांकडे घरमालकिणीला उठवलं."

यावर पायरीवर क्षणभर शांतता. मी मनात वही-पेन घेऊन ताईंचं शिष्यत्व पत्करलं.

शीतल मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. "पाहुणा कसला, ताई? तो पण त्याच घरातला की."

तिच्या ओळखीचा असाच एक मुलगा आहे, कॉलेजपासूनचा. घरी अजून सांगितलेलं नाही. औषधं सुरू केलेली नाहीत, त्यामुळे पाळी येते. दाढी नाही, केस बारीक, शर्ट ढगळ. मेडिकलमध्ये जाऊन "बहिणीला पाहिजेत" म्हणून पॅड मागतो. बहीण नाही त्याला. "आणि पाकिटावर काय लिहिलंय त्याचं त्याला एवढं काही नाही. त्याचं म्हणणं, जेंट्स टॉयलेटात डबा नसतो. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून दिवसभर बॅगेत घेऊन फिरतो. मी त्याला म्हटलो, माझ्याकडे दे, मी लेडीजमध्ये टाकतो."

वंदनाताईंनी कप खाली ठेवला. "किती दिवस जातं त्याचं?"

"काय?"

"अगं, अंगावरून. किती दिवस? गाठी पडतात का? हिमोग्लोबिन बघितलंय?"

"ते नाही विचारलं मी."

"मग विचारलंस काय? त्याला म्हणावं, लोहाच्या गोळ्या घे, चहाबरोबर नको घेऊ. आणि डॉक्टरकडे जायचं असेल तर मी येते बरोबर. मावशी म्हणून सांग."

रोहिणी जरा नरमली. पण वकील ती वकील. तिचं म्हणणं असं, की त्या मुलाशी तिचं भांडणच नाही. भांडण आहे ते वरून शब्द काढून टाकणाऱ्यांशी. मग तिनं 'लान्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक काढलं. २०२१ चा सप्टेंबर. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत वाक्य, की योनी असलेल्या शरीरांच्या रचनेकडे आजवर दुर्लक्ष होत आलं. "वाक्य वाच ना तू! दुर्लक्ष झालं म्हणतायत, आणि कोणाकडे झालं तिचं नावच नाही. १८२३ पासून निघणारं साप्ताहिक. संपादकाला शेवटी माफी मागावी लागली."

मला हे पटतं. म्हणजे लेख आतून चांगला होता, पाळीच्या प्रदर्शनाबद्दलच होता, पण बाईला 'शरीर' म्हटलेलं पाहून अंगावर पाल पडल्यासारखंच झालं. 'व्यक्ती' त्यापेक्षा बरी असं मी म्हटलं, तर रोहिणीनं माझ्याकडे विरोधी पक्षाच्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं.

"आमच्या लहानपणी कावळा शिवायचा," वंदनाताई म्हणाल्या. "तीन दिवस मागच्या पडवीत. आईला कुणी विचारलं तर म्हणायची, वंदी बाहेर बसलीय. सगळ्या गावाला कळायचं, तरी शब्द नाही. मग मी नोकरीला लागले, शाळाशाळांतून फळ्यावर खडूनं लिहायचे, 'मुलींची मासिक पाळी'. शिक्षक खिडकीबाहेर बघायचे. आता कुठे जरा आत येऊन बसलो, तर हे म्हणतात शब्दाच्या बाहेर बसा."

"एक्झॅक्टली!" पुष्कर ओरडला.

"तू गप्प. तुझ्या बाजूनं नाही बोलत मी."

इथे जुनं प्रकरण उकरलं गेलंच. पुष्कर आणि वंदनाताई एकाच सोसायटीत. पुष्कर सेक्रेटरी. 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायकांनी वापरलेली पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका करून द्या म्हणून सांगितलं, हे पुण्यात एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. पुष्करनं ते लिफ्टमध्ये असं लावलं : 'सर्व भगिनींनी आपापल्या खाजगी वस्तू कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी.'

"दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मला विचारायला आल्या, कवळीची डबी पण गुंडाळायची का म्हणून," ताई म्हणाल्या. "शेवटी कचरा नेणाऱ्या ताईच जिन्यात उभ्या राहिल्या नि खणखणीत म्हणाल्या, पॅड म्हणतात त्याला, पॅड! आमच्या हाताला लागतं ते."

"सभ्यता म्हणून काही असतं," पुष्कर पुटपुटला.

"आणि 'भगिनी' लिहिल्यामुळे काय झालं माहितीय? देशपांडे काकांचे डायपर तसेच उघडे. त्यांची सून म्हणाली, नोटीस बायकांसाठी आहे."

शीतलनं हे बरोब्बर पकडलं. "बघा! म्हणूनच म्हणतो, कोणासाठी ते लिहीत बसलं की कोणीतरी सुटतंय."

हा मुद्दा खरं तर जोरदार होता, रोहिणीच्या चेहऱ्यावरही दिसलं. पण तेवढ्यात मला पुष्करचं एक्सएल आठवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोनं फोनवर सांगितलं, येताना एक्सएल आण. साहेबांनी लक्ष्मी रोडवरून टी-शर्ट आणला. निळा. तो अजून घालतो. आत्ताही तोच होता अंगात.

पाच मिनिटं कुणी काही बोलू शकलं नाही. चहावाल्यानं न विचारता दुसरा चहा आणला.

हसू ओसरल्यावर शीतल म्हणाली, "पण ते टॅम्पॅक्सचं ट्वीट चुकीचं कुठाय? सगळ्या बायकांना पाळी येत नाही, आणि पाळी येणाऱ्या सगळ्याच बायका नसतात. २०२० मधलं. त्यातलं खोटं काय?"

"पहिलं अर्धं सांगायला ट्वीट कशाला लागतं?" वंदनाताईंचा आवाज एकदम उतरला. "बीडला जा. तुमच्या त्याच २०१९ मध्ये सरकारी समिती बसली होती. ऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या तेरा हजारांवर जणींची पिशवी काढलेली. कितीतरी जणी पस्तिशी-चाळिशीच्या आत. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, पाळीत मोळी उचलवत नाही, डॉक्टर म्हणतो काढून टाक. त्यांना नाही येत पाळी. त्या बायका नाहीत? नि त्यांना 'व्यक्ती' म्हणून तरी कोणी विचारलं का?"

यावर कोण काय बोलणार. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, आम्ही रस्त्यावर आलेले पाय आत घेतले.

"आणि माझी जाऊन आठ वर्षं झाली," ताईंनीच वातावरण सैल केलं. "मग मी कोण? व्यक्ती पण नाही, बाई पण नाही."

"तुम्ही संस्था आहात," रोहिणी म्हणाली.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. भाषांतरकाराची खरी अडचण अशी, की मराठीत पळून जायला जागाच नाही. सूचना म्हणते लिंग नको, आणि 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी. ती व्यक्ती आली. 'माणूस' घ्यावा तर पुल्लिंगी. 'पाळी येणारी माणसं' म्हटलं की नपुंसकलिंगी, शिवाय वऱ्हाडी मंडळी वाटतात.

"थांब थांब," पुष्कर म्हणाला. "म्हणजे मी पण व्यक्ती, म्हणजे मी..."

"ती," आम्ही सगळ्या एकदम.

"मराठीचं काही खरं नाही," रोहिणी बोटांवर मोजायला लागली. "तो स्तन. ते गर्भाशय. ती दाढी."

"ती मिशी!" शीतल.

"गर्भाशय नपुंसक आणि मिशी बायकी. काढा म्हणावं आता चिन्ह," ताई म्हणाल्या. पुष्करचा हात आपोआप मिशीकडे गेला, तो सगळ्यांनी पाहिला.

"ताई, पण मी लिहू काय? उद्या द्यायचंय."

"मिठाच्या पुडीवर लिहितात का, जेवणाऱ्या व्यक्तींसाठी? मीठ म्हणतात. 'मासिक पाळीसाठी' लिही आणि मोकळी हो. जिला लागेल ती घेईल, ज्याला लागेल तो घेईल."

"म्हणजे शेवटी बाई गेलीच पाकिटावरून," रोहिणी. तिला हे अजूनही पटलेलं नाही, हा मजकूर वाचून ती फोन करणार आहे.

"तिचं नाव घ्यायचंच असेल तर उखाण्यात घ्या," पुष्कर म्हणाला. अख्ख्या सकाळीत त्याचं हे एकच बरं वाक्य, पण तेच त्याला महागात पडलं. शीतल उठली, ओढणी डोक्यावरून घेतली, लाजल्याचं नाटक केलं आणि म्हणाली,

"अमृततुल्याच्या चहात ठेचलंय आलं,
व्यक्तीचं नाव घेतो, बिल पुष्करदादांवर आलं!"

चहावाला पण हसला. पुष्करनं पाकीट काढलं. वंदनाताईंनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, नातवानंतर पहिल्यांदाच कुणाचा तरी.

सोमवारी मी मजकूर पाठवला : 'मासिक पाळीसाठी.' बुधवारी एजन्सीचं उत्तर आलं. छान झालंय, महिला शब्द टाळल्याबद्दल आभार, फक्त 'पाळी' शब्द थोडा थेट वाटतोय, काही सौम्य सुचवता येईल का?

ते मी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. रोहिणीनं पाच लाल तोंडं पाठवली. पुष्करनं न वाचता नमस्काराचे हात. आणि रात्री साडेदहाला वंदनाताईंचा मेसेज आला :

"लिही : कावळा शिवलेल्या व्यक्तींसाठी."