कट्टा पाडला एकदाचा

सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गेटबाहेरचा कट्टा गायब. फरश्या उलट्यापालट्या पडलेल्या आणि तिथे चुन्याचे पट्टे मारून पार्किंग. दोन गाड्या मावतील म्हणे. दोन! रोज संध्याकाळी सात-आठ म्हातारी माणसं तिथे बसायची, त्यांनी आता कुठे जायचं यावर कोणी तोंड उघडायला तयार नाही.

माझी आजी जुन्या नाशकात तिवंधा चौकाजवळ राहायची. चार वाजले की सूप आणि मेथीची जुडी घेऊन ओट्यावर, समोरच्या काकू त्यांच्या ओट्यावर. एकदा पाणी प्यायला आत गेली ती मोरीत घसरून पडली. दहा मिनिटांत काकू धावत आल्या, का तर मेथी तशीच पडलेली दिसली म्हणून.

आणि मी, इंदिरानगरात अकरा वर्षं झाली, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं विचारलं तर गाडीचा नंबर सांगेन!

हो, पार्किंगचा प्रॉब्लेम खरा आहे, माझीही गाडी आहे. आणि ओट्यावरच्या चौकश्या, कुठे चाललीस, एवढा उशीर का, त्याही भोगल्यात. असो.

पण रस्ता फक्त गाड्या काढायला असतो हे ठरवलं कोणी? जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, पेशवेकाळापासून भर चौकात आहेत, वर्षभर झाकलेल्या, वरून गाड्या जातात आणि रंगपंचमीला तिथेच माणसं रंगात धपाधप उड्या मारतात. इथे मात्र रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला १.८ मीटरचा मोकळा फुटपाथसुद्धा मिळत नाही, मध्येच विजेची डीपी, मध्येच बाइका, आणि उंची अशी की गुडघे दुखणाऱ्या बाईने कठड्याला धरून चढायचं, तर कठडाही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाने १९६९ मध्ये तीन रस्ते तपासले, जिथे गाड्या जास्त तिथे शेजाऱ्यांशी मैत्री कमी. त्याला तिवंध्यात आणला असता तर एका दुपारीत काम उरकलं असतं.

लिहिता लिहिता राग उतरला जरा. कट्ट्यावरच्या एक आजी रोज मला "आज लवकर गं" म्हणायच्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्या आज दिसल्या नाहीत, आणि मेथी तशीच राहिलीय का हे बघायला माझ्याकडे ओटा नाही.

संध्याकाळी घरातली प्लास्टिकची खुर्ची खाली नेली, पट्ट्यांच्या मधोमध टाकली आणि मेथी घेऊन बसले. पाच मिनिटांत वॉचमन आला, "मॅडम, रिक्षा यायचीये का?"