नवी वेबसाइट आणि जुना हात

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये परचेस बघणारा माणूस डोळ्यासमोर आणा. दर आठवड्याला त्याच त्या नटबोल्टची ऑर्डर. साइट उघडली, डावीकडच्या यादीत तिसरी ओळ, एम८ बाय ४०, नग ५००, एंटर. यात तो काहीही वाचत नाही. हात जातो तिथे बटण असतं, एवढंच. मग पुरवठादार साइट नवी करतो. मोठे फोटो, ऐसपैस मांडणी. डावीकडची यादी जाऊन तिथे तीन आडव्या रेघांचा मेनू. हा माणूस दोनदा चुकतो आणि तिसऱ्यांदा फोन उचलतो. ‘अहो, जुनंच बरं होतं. ऑर्डर लिहून घ्या.’

पुरवठादाराच्या ऑफिसात यावर ठरलेली प्रतिक्रिया उमटते: लोकांना बदल नकोच असतो, होईल सवय. मला हे वाक्य मनापासून खटकतं. त्या माणसाने वर्षभरात हाताला जे वळण लावलं होतं, ते तुम्ही एका रात्रीत पुसलंत आणि बदल्यात त्याला काय मिळालं? सुंदर फोटो. बोल्टचा फोटो त्याला कशाला हवाय?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिलं की हातातलं जाण्याचं दुःख तेवढंच मिळण्याच्या आनंदापेक्षा जास्त लागतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या जॉन गोरव्हिल यांनी २००६ मध्ये हाच धागा मार्केटिंगकडे नेला. त्यांचं गणित ढोबळ आहे, पण कामाचं आहे. ग्राहक हातातल्या वस्तूची किंमत साधारण तिप्पट धरतो, बनवणारा आपल्या नव्या वस्तूची तिप्पट धरतो, आणि दोघांमधली दरी नऊपट होते. तीन महिने डिझाइनवर काम केलेल्या टीमला ग्राहकाचा राग कळत नाही, त्याचं कारण हे आहे.

मुळात साइट बदलायची हुक्की येते कुठून? बहुतेक वेळा मालकाच्या कंटाळ्यातून. मालक ती साइट रोज बघतो, ग्राहक महिन्यातून एकदा. मालकाला जी शिळी वाटते, ती ग्राहकाला आत्ता कुठे ओळखीची झालेली असते. म्हणून बदलाचं कारण एका वाक्यात लिहून काढा. ‘मोबाइलवर पान उघडायला आठ सेकंद लागतात’ हे कारण आहे. ‘जरा फ्रेश लुक हवा’ हे नाही.

मोठ्यांनाही हे महागात पडलं आहे. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १५ कोटी पौंड खर्चून नवी साइट आणली. जुन्या ग्राहकांना नव्याने नोंदणी करायला लावली. पुढच्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या पेठांमधल्या प्रत्येक सीए ऑफिसला पाठ आहे: ७ जून २०२१, प्राप्तिकराचं नवं पोर्टल. जुनं पोर्टल आधीच बंद केलेलं, म्हणजे मागे फिरायला वाटच नाही. तिथे खऱ्या बिघाडाच्या तक्रारी आणि ‘ते बटण कुठे गेलं’ या तक्रारी एकाच ढिगात पडल्या. शेवटी करदात्यांच्या अडचणी लक्षात घेऊन रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली.

आणि हे फक्त ‘सामान्य’ ग्राहकांचं नाही. १ जुलै २०२३ ला गूगलने साइटवरची वर्दळ मोजणारं जुनं अ‍ॅनालिटिक्स थांबवून त्याची नवी आवृत्ती, जीए४, लादली, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मार्केटिंगवाल्यांनीच केली, आणि ती योग्यच होती. रोजचा रिपोर्ट दोन क्लिकवर होता, तो हरवला. नवं डिझाइन करताना तेवढी एक आठवण जागी ठेवा.

आता कामाचं. जुनी साइट चालू असतानाच जीए४च्या सेटिंगमध्ये डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशील साठवायची मुदत, २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर करून घ्या. मुळात ते २ वरच असतं. नाहीतर नंतर जुन्या-नव्याची खोलात तुलना करायला बसाल, तेव्हा जुना तपशील उडालेला असेल. गूगल शोधातून साइटवर कोण येतं ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती असते. त्यातून सर्वात जास्त क्लिक येणारी पानं काढा आणि प्रत्येकाचा जुना पत्ता, नवा पत्ता असा तक्ता करा. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय), तेही नेमक्या त्याच मालाच्या पानावर. सगळं होमपेजवर ढकलून देणं हा सर्रास दिसणारा आळस आहे. त्याने गूगलवरची जागाही जाते आणि पान बुकमार्क केलेला ग्राहकही. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा.

सगळं एकदम बदलू नका. आधी मालाचं पान, मग कॅटेगरी, होमपेज सगळ्यात शेवटी. शोधाची चौकट, कार्ट, फोन नंबर यांच्या जागा हलवायच्या नाहीत. मेनूतले शब्द तर अजिबात नाहीत. लोक ‘दरपत्रक’ शोधत येतात. त्याचं ‘सोल्यूशन्स’ केलंत की ते समोर असूनही दिसत नाही.

पासवर्ड हा सगळ्यात मोठा खड्डा. जुन्या सिस्टीममधले पासवर्ड नव्या सिस्टीमला वाचता आले नाहीत, तर प्रत्येक जुना ग्राहक दारातच अडतो. मोबाइल नंबर आणि ओटीपी हा सोपा उपाय, पण त्या एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेत, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे साइट सुरू करायच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

जुनी साइट वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवून तिची लिंक नव्या साइटवर ३० ते ६० दिवस ठेवा. तिला नोइंडेक्स (गूगलने यादीत घेऊ नये अशी खूण) लावा, नाहीतर गूगलला एकच माल दोनदा दिसेल. डेटाबेस मात्र एकच हवा. दोन ठेवलेत तर ऑर्डर दोन ठिकाणी पडतील आणि स्टॉकचा मेळ कधीच बसणार नाही.

वेळेचंही बघा. लक्ष्मी रोडच्या कापडवाल्याने दिवाळीच्या तोंडावर आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्याने जूनमध्ये साइटला हात लावू नये. भोसरीच्या पुरवठादाराला बुधवारची रात्र सोयीची. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, ऑर्डर कमी. काही तुटलं तर दुरुस्तीला एक दिवस मिळतो.

सुरू झाल्यावर तक्रारी येणारच. त्यातली सवयीची कुठली आणि खऱ्या दोषाची कुठली, हे ओळखणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे, असं माझं ठाम मत आहे. नव्या ग्राहकांचे आकडे वेगळे काढा. त्यांना जुन्या साइटची सवयच नव्हती, त्यामुळे त्यांची अडचण ही मांडणीचीच अडचण. नव्यांची खरेदी वाढली आणि जुन्यांची घसरली, तर प्रश्न सवयीचा. तीन-चार आठवडे थांबा आणि त्यांना मदत करा. नव्यांचीही घसरली, तर सवयीचं कारण पुढे करू नका, बदल मागे घ्या.

त्याआधी एक तपासा. ऑर्डरनंतरच्या ‘धन्यवाद’ पानाचा पत्ता बदलला असेल, तर जाहिरातींचं कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून किती ऑर्डर आल्या ते, मोजणंच थांबतं. आकडा शून्य दिसतो, कॅम्पेन भरकटते आणि खापर ग्राहकांच्या हट्टावर फुटतं.

महिन्याला चाळीसच ऑर्डर असतील तर या आकड्यांतून काही कळणार नाही. मग पाच जुन्या ग्राहकांना बोलवा, चहा द्या, मोबाइल त्यांचाच हातात असू द्या आणि म्हणा, ‘मागचीच ऑर्डर पुन्हा टाका.’ नंतर तोंड बंद ठेवून त्यांचा अंगठा कुठे थबकतो ते बघा. ‘वर उजवीकडे बघा ना’ असं म्हणायचा मोह होईल. म्हणायचं नाही.

ग्राहकांना कळवताना ‘आम्ही येतोय नव्या रूपात’ वगैरे नको. त्यांना तुमच्या रूपाशी देणंघेणं नाही. ‘तुमच्या जुन्या ऑर्डर आता “माझं खातं” इथे दिसतील, नंबर तोच, दर तेच,’ एवढा मेसेज पुरतो. तो साइट बदलण्याच्या आठवडाभर आधी एकदा आणि बदलल्याच्या दिवशी एकदा.

विरोध दुकानातूनही होतो आणि तो दिसत नाही. साइटवरच्या ऑर्डरचं इन्सेंटिव्ह काउंटरवरच्या माणसाला मिळत नसेल, तर तो प्रत्येकाला सांगणार, ‘साइटचं राहू द्या, मला व्हॉट्सअ‍ॅप करा.’ त्याचं चुकत नाही, त्याचा पगार त्यावर आहे. त्याच्या गिऱ्हाइकाने साइटवरून घेतलेला मालही त्याच्या खात्यात धरा.

जुन्या साइटची लिंक बंद करायची वेळ येते तेव्हा मोजकेच लोक उरलेले असतात. त्यांना मेसेज नको, फोन करा आणि विचारा, तिथे काय आहे जे इथे मिळत नाही. परचेसवाल्याचं उत्तर काय असेल याचा अंदाज आत्ताच करता येतो: मागची ऑर्डर एका टिचकीत पुन्हा टाकायची सोय. ते बटण लॉगिन केल्या केल्या, फोटोंच्याही वर दिसायला हवं.