रॉस बेटाला दीड तास

येत्या डिसेंबरात आम्ही फोंड्याची चार कुटुंबे मिळून अंदमानला निघालो आहोत. प्रवास कंपनीने पाठवलेला कार्यक्रम काल रात्री चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला, तेव्हा जलक्रीडेला अर्धा दिवस, खरेदीला एक अख्खी संध्याकाळ आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाला (आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाला) दुपारी तीननंतर जेमतेम दीड तास, अशी वाटणी दिसली. "काका, तिथे पडक्या भिंती आणि हरणे, दुसरे काय आहे?" असे कंपनीच्या फोनवरच्या मुलाने मला अगदी मनापासून विचारले. त्याचा राग आला नाही, कारण गेल्या वर्षापर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

आपण मराठी माणसे अंदमानला जातो ती सावरकरांची कोठडी पाहायला, आणि ते योग्यच आहे. परंतु १९२१ मध्ये सावरकरांना तिथून हलवले, तिथेच आपल्या डोक्यातले अंदमान संपते. त्यानंतर २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, उतरले आणि साडेतीन वर्षे ही बेटे त्याच्या ताब्यात राहिली, हे आमच्या चार घरांतल्या एकाही पदवीधराला ठाऊक नव्हते. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी तिथे तिरंगा फडकवला, एवढे मात्र सर्वांना माहीत होते. त्याच दिवसांत पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवान सिंग 'कालेपानी' हे हेरगिरीच्या आरोपाखाली जपान्यांच्या कैदेत सेल्युलर जेलमध्ये छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ रोजी ते गेले, आणि ३० जानेवारीला, म्हणजे ध्वजारोहणाला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, हम्फ्रेगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. तिथे त्यांचे स्मारक आहे. आमच्या कार्यक्रमात ते अर्थातच नाही.

ज्या हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, शांत किनाऱ्यासाठी आम्ही सर्वांत जास्त पैसे मोजले आहेत, त्याची गोष्ट तर मी वहिनींना अजून सांगितलेली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये, अन्नाची टंचाई टोकाला गेलेली असताना, जपान्यांनी शेकडो रहिवाशांना बोटींत घालून या बेटाजवळ नेले आणि पाण्यात उड्या मारायला लावल्या. बहुतेक बुडाले, किनाऱ्याला लागले त्यांतलेही बरेच उपासमारीने मेले. त्या वाळूवर बसू नये असे माझे म्हणणे नाही, मीही बसणार आहे. पण ठाऊक असून बसणे निराळे.

"समुद्रच पाहायचा तर मिरामार काय वाईट आहे, आणि बेटच हवे तर आपले अंजदीव आहे की," असे वहिनींचे सुरुवातीला मत होते. अंजदीव आपल्या काणकोण तालुक्यातले, १९६१ च्या मुक्तिसंग्रामात तिथे उतरलेल्या नौदलाच्या तुकडीतले सात जण धारातीर्थी पडले. पण ते आज नौदलाच्या ताब्यात आहे, तिथे आपल्याला सहजासहजी जाता येत नाही. घरचे बेट बंद, म्हणून दूरच्या बेटावर जाणारे आम्ही तिथे तरी धावतपळत का जावे?

म्हणून कार्यक्रम बदलायला सांगितला आहे. जलक्रीडा रद्द (मुले रुसली आहेत), त्या जागी एक सकाळ हम्फ्रेगंजला आणि दुसरी अख्खी सकाळ रॉसवर. इंग्रजांच्या चर्चच्या भिंतींना वडापिंपळासारख्या झाडांच्या मुळ्यांनी घातलेला विळखा आणि समुद्राकडे डोळा लावून बसलेले जपानी बंकर एकाच फेरीत पाहायचे, तर घड्याळाकडे बघत चालून भागत नाही. शिवाय घड्याळ आपलेच असले तरी सूर्य तिथे सव्वा तास पुढे असतो. पणजीत डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारासच बुडतो, त्यामुळे दुपारी तीनची बोट म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाचारची. हे त्या मुलाला समजावले, तेव्हा कुठे तो वाकला. आता अडचण एकच उरली आहे, पहाटे पाचला उठण्याची. "भावजी, मी उठेन, पण चहाची सोय तुम्ही करायची," असे वहिनींनी बजावले आहे, तेव्हा आज माळ्यावरून थर्मास काढून धुऊन ठेवला.