‘एका सीलसाठी इंजिन उतरवायचं?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की १९७२ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये गळत होतं एकच ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी रिंग), आणि मी इंजिन उतरवून दोन्ही सीलं बदलली. गळती थांबवणारं औषध तेलात ओतलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता, असं तुमचं म्हणणं.

औषधाला माझा ठाम विरोध आहे. ते रबर फुगवतं, सीलची झिजलेली कड परत देत नाही. शिवाय या गाडीला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारी, गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली जादा गिअरची यंत्रणा) आहे आणि तो गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. त्याच्या आतला शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावर पकड घेतो. तेल जास्त निसरडं झालं की तोच घसरायला लागतो.

आता इंजिन का उतरवलं ते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच झाकणारं आवरण असतं, ते बेलहाउसिंग. तेल त्याच्या तळाच्या भोकातून ठिबकत होतं. तिथे ते क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून येतं, नाहीतर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. इतर अनेक गाड्यांत गिअर ऑइलच्या गंधकी वासावरून ओळखता येतं. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल असतं, आणि क्लचच्या धुळीत मिसळल्यावर रंगही सांगत नाही. दोन्ही सीलांपर्यंत पोचायची वाट एकच. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा जोडीनेच वर काढतात. एवढं उघडल्यावर एक जुनं सील तसंच ठेवायचं, हे मला पटत नाही. सील स्वस्त असतं, महाग असते ती मेहनत.

आणि नुसतं सील बदलून भागत नाही. शाफ्टवर जिथे सीलची कड घासते तिथे नख फिरवून बघा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डगमगतो आणि कड एका बाजूने खाल्ली जाते. गिअरबॉक्सचं पुढचं कव्हर बोल्ट आवळण्याआधी शाफ्टभोवती मधोमध आणायचं तेही याचसाठी. कव्हरखालच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जपून ठेवा. शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबट दात्यांवर) टेप गुंडाळा, सीलच्या कडेला तेल लावा, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला नाही ना, तेही पाहा. आत दाब साठला तर चांगलं सीलही तेल सोडतं.

एक बाब मात्र तुमच्या बाजूची आहे. गळती गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजपाशी (मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या तबकडीपाशी) असेल तर इंजिनाला हात लावू नका. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, प्रॉपेलर शाफ्ट सोडा, नट काढून फ्लँज ओढा. ते सील खालूनच बदलता येतं.